माझंच चुकलं असेल

"ताई, माझंच चुकलं असेल, पण काल काढलेली घरं आज दिसत नाहीत."

२०२१ च्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी हा निरोप आला. पाठवणाऱ्या बाई वेल्हे तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवायच्या. "बाई, जमा करायचं राहिलं असेल, परत एकदा बघा," असं लिहून मी पोहे खायला बसले. आपण मदत केली, असंच तेव्हा वाटलं होतं.

त्याच वर्षी २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली. त्याआधी २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यात माळीण गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. अशा बातमीनंतर नकाशा उघडला की एक गोष्ट खटकते. गावाचं नाव असतं, रस्ता असतो, पण डोंगराच्या कुशीतल्या वाडीत घरं किती आणि नेमकी कुठल्या उताराखाली, हे कोरंच असतं. पुण्यात आम्ही पाच-सहाजण होतो, सगळे आयटीतले. सह्याद्रीतल्या वाड्यांची घरं ओपनस्ट्रीटमॅपवर काढायची असं आम्ही ठरवलं. स्टीव्ह कोस्टने २००४ मध्ये इंग्लंडात सुरू केलेला हा नकाशा कुणीही काढू शकतं, कुणीही दुरुस्त करू शकतं आणि कुणीही वापरू शकतं. २०१० च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या लोकांनी घरबसल्या उपग्रहचित्रं बघून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते या नकाशावर काढून दिले होते. पुढे अशा कामांसाठी मोठ्या प्रदेशाचे चौकोन पाडून ते वाटून द्यायची पद्धत रुळली. एकाने चौकोन काढायचा, दुसऱ्याने तपासायचा. आमचं साधन त्याच पद्धतीचं, फक्त लहान आणि पूर्ण मराठीत. इंग्रजी बटणं दिसली की हात आखडणारी पण आपल्या भागाची खडान्‌खडा माहिती असणारी माणसं त्यावर यावीत, हा हेतू.

माणसं आलीही. शिक्षक, कॉलेजची मुलंमुली, दोन गृहिणी आणि भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले एक भूकरमापक, ज्यांना सगळे मोजणीकाका म्हणत. तक्रार मात्र कुणी करत नव्हतं. आम्ही त्याचा अर्थ, सगळं सुरळीत चाललंय, असा घेतला.

बाईंचा तोच निरोप तिसऱ्यांदा आला तेव्हा मी नाइलाजाने सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. चौकोन घेतला की तो एक तास तुमच्या नावावर राही, नंतर सुटून दुसऱ्याला मिळे. कुणी चौकोन अडवून बसू नये म्हणून मीच हा नियम घातला होता, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, इन्व्हर्टर आणि फायबरच्या जोरावर. 'जमा करा' दाबेपर्यंत काढलेली घरं फक्त तुमच्या ब्राउझरच्या पोटात असत आणि चौकोन सुटला की ती आम्ही पुसून टाकत होतो. बाईंच्या गावात संध्याकाळी वीज जायची. थोड्या वेळाने मोबाइलचा टॉवरही मान टाकायचा. दोन तासांनी त्या परत येत, तोवर चौकोन बाणेरच्या कुणा मुलाकडे गेलेला आणि तीस-चाळीस कौलारू घरं हवेत विरलेली. तीन वेळा त्यांनी तीच वाडी काढली होती. तीन वेळा.

त्या रात्री मी गेल्या दोन महिन्यांतले सगळ्यांचे निरोप मुळापासून वाचले. एक वाक्य जागोजागी दिसायला लागलं. 'माझंच चुकलं असेल.' 'मला कॉम्प्युटर नीट येत नाही, पण…' 'सॉरी, बहुतेक माझ्याकडूनच झालं.' आम्ही ज्याला तक्रार म्हणालो असतो, ते आमच्याकडे माफी होऊन येत होतं. आणि आम्ही ती उदार मनाने स्वीकारत होतो! मग मी एक वही केली. ज्या निरोपात माफी असेल तो वहीत उतरवायचा आणि चूक माणसाची नाही असं धरून शोधायला लागायचं.

चौकोनाचं काम सोपं निघालं. आता हात चालू असेतोवर तास नव्याने मोजला जातो, दहा मिनिटं उरली की सूचना येते आणि काढलेलं काही पुसलं जात नाही. जोडणी तुटली तरी खर्डा तसाच राहतो. चार दिवसांचं काम, आणि ते करायला आम्ही दोन महिने लावले.

वहीतली दुसरी नोंद एका बी.ए.च्या मुलीची. "घर चौकोनी होतच नाही ताई, माझं बोट चुकत असेल." उपग्रहचित्रावरून घर काढताना कोपरे वेडेवाकडे येतात. ते काटकोनात आणायला क्यू दाबायचा, ही या कामातली जुनी सवय, आम्हीही तीच ठेवली होती. माझ्याकडे व्यवस्थित चालत होतं. अखेर मी तिच्या कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन तिच्या मागे उभी राहिले. ती वाडीचं नाव मराठीत लिहायची आणि कीबोर्ड मराठीवरच ठेवून पुढचं घर काढायला लागायची. इनस्क्रिप्टमध्ये क्यूच्या जागी औकार आहे. तिचं बोट बरोब्बर जागी पडत होतं. आमचं साधन अक्षर बघत होतं, कळीची जागा बघत नव्हतं. नाव मराठीत लिहा असं आम्हीच सांगायचं आणि लिहिलं की हत्यार काढून घ्यायचं, असा तो प्रकार. दुरुस्ती एका ओळीची होती. तिच्या मागे उभं राहिल्याशिवाय ती मला सात जन्मांत सुचली नसती.

नावांचं प्रकरण अधिक रंगतदार. खडकवासल्याच्या पाण्याकाठी गोऱ्हे बुद्रुक आणि गोऱ्हे खुर्द अशी दोन गावं आहेत. एका काकूंनी लिहिलं, "मला गोऱ्हे सापडत नाही, शुद्धलेखन चुकत असेल." काकू तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं शुद्धलेखन चुकायचं म्हणजे सूर्य पश्चिमेला! घोळ 'ऱ्ह'मधल्या त्या वाकड्या रफारात होता. पडद्यावर हुबेहूब सारखं दिसणारं हे अक्षर संगणकाच्या आत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असू शकतं. एकात नुक्तावाल्या ऱ चा स्वतंत्र संकेत, दुसऱ्यात साधा र आणि त्याला नुक्ता निराळा जोडलेला, तिसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. कोणत्या फोनचा कीबोर्ड कोणती तऱ्हा वापरेल याचा नेम नाही. नकाशावरचं गोऱ्हे एका तऱ्हेचं, काकूंचं दुसऱ्या, आणि आमचा शोध दोघांना परकं समजायचा. म्हणजे कऱ्हाड, वऱ्हाड, कऱ्हा नदी सगळीच बेपत्ता. पहिल्या दोन तऱ्हा एक मानण्याचा नियम युनिकोडमध्ये तयारच आहे, तो आम्ही लावायला हवा होता. तिसरीसाठी वेगळा नियम लिहावा लागला. जाता जाता 'बु.' लिहिलं तर बुद्रुक आणि 'खु.' लिहिलं तर खुर्द सापडेल असंही केलं. नकाशात नावं पूर्णच लिहायची असतात, पण शोधणारा माणूस एसटीच्या पाटीवर वाचलेलंच लिहिणार.

आता ज्या गोष्टीचा मला अजून त्रास होतो ती. तपासनिसाला चौकोन पटला नाही तर दाबायच्या बटणाला आम्ही 'अवैध' नाव दिलं होतं. इंग्रजी शब्दाला शब्द ठेवला, कुणी दुसऱ्यांदा विचार केला नाही. मोजणीकाका आमचे सगळ्यात कडक तपासनीस. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा, यात उभी हयात गेलेला माणूस. आणा म्हणजे दोन फुटांच्या जरा वर, तेवढाही फरक त्यांच्या डोळ्यांना खुपे. निळा प्लास्टिक कागद घातलेलं शेततळं कुणी घर म्हणून काढलं, कडब्याची गंज झोपडी म्हणून काढली, की काका बटण दाबत. चौकोन लाल होई आणि काढणाऱ्याला संदेश जाई : 'आपले काम अवैध ठरवण्यात आले आहे.'

एका गृहिणीने हा संदेश आल्यावर येणं बंद केलं. महिनाभराने मी फोन केला. त्या म्हणाल्या, "नाही हो, मला जमणारं नव्हतंच ते. उगाच तुमचं काम वाढवलं." मी काकांना विचारलं, कारण का लिहिलं नाही? काका ओशाळले. "लिहायची जागा शोधली मी. दिसली नाही. वय झालं, माझंच लक्ष नसेल." जागा होती, पण लॅपटॉपच्या पडद्यावर खाली सरकल्याशिवाय न दिसणारी आणि 'ऐच्छिक' असं लिहिलेली. एकाच बटणाबद्दल दोन माणसं माझी माफी मागत होती.

आता तिथे 'अजून काम हवं' असं आहे आणि कारण लिहिल्याशिवाय ते दाबता येत नाही. शेततळं, गंज, पॉलिहाऊस अशी नेहमीची कारणं आयती ठेवलीत, काकांनीच ती यादी करून दिली. त्या बाईंना मी नवं बटण दाखवायला पुन्हा फोन केला. त्यांनी कौतुक केलं. परत आल्या नाहीत.

प्रत्येक सूचना मानली असंही नाही. मुलांनी मागितली म्हणून सर्वाधिक घरं काढणाऱ्यांची क्रमवारी आम्ही लावली. आठवड्यात नकाशावर बटाट्यांच्या आकाराची घरं उगवायला लागली. क्रमवारी काढून टाकली, तर दोन मुलं रुसून गेली. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. त्यांना मजा हवी होती आणि ती मजा आमच्याकडे दुसऱ्या कुठल्या रूपात नव्हती. अजूनही नाही.

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याच्या बाईंचा निरोप आला. या वेळी 'माझंच' वगैरे काही नव्हतं. "ताई, तुमच्या साधनात बिघाड आहे. माझी सगळी घरं ओढ्यात सरकली. लवकर बघा." मला इतका आनंद झाला की हातातला चहा तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. नोंदी पाहिल्या, वहीच्या नियमाप्रमाणे चूक आमची धरून तासभर शोधलं. चूक आमची नव्हती. बाईंनी पार्श्वभूमीचं चित्र बदललं होतं. दुसऱ्या उपग्रहाचं चित्र डोंगरउतारावर काही मीटर सरकलेलं असतं, आणि घरं होती तिथेच होती, खालची जमीन तेवढी हलली होती. तशी सूचना चित्र बदलताना आम्ही देतो, ठळक अक्षरात. बाईंनी ती वाचली नव्हती.

हे त्यांना कळवणारा निरोप मी तीन वेळा लिहिला आणि तीन वेळा खोडला.