काळं तेल आणि उजनीचं पाणी

नगर जिल्हा म्हटला की लोकांना दुष्काळ, छावण्या आणि टँकर आठवतात. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या जिल्ह्यात होड्या चालतात हे सांगितलं तर ऐकणारा अजूनही हसतो. कर्जत तालुक्याच्या दक्षिण टोकाला या, म्हणजे खरं काय ते दिसेल. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा आमच्या शिवारापर्यंत येऊन टेकला. जुनी नदी पोहून ओलांडता येत होती, या पाण्याला होडी लागते.

आमच्या मामूंची अशीच एक जुनी लाकडी होडी आहे. तिच्या पोटात दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलेलं आहे. मामूंचं शिक्षण चौथीपर्यंत, आमचं बी.एड.पर्यंत. उर्दू शाळेत आम्ही मुलांना विज्ञान शिकवतो, तरी इंजिनाच्या बाबतीत मामू आमचे उस्ताद. सुट्टीत तेल बदलायचं काम निघालं की ते आम्हाला हमखास बोलावतात.

मोटारसायकलचं तेल बदलणं सोपं असतं. खालचा नट सोडायचा आणि भांडं लावायचं. होडीत मात्र इंजिनाच्या पोटाखाली चार बोटंही जागा नसते. म्हणून तेल वरून ओढावं लागतं. आधी इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करायचं. गरम तेल पातळ होतं आणि तळाचा गाळही सोबत घेऊन निघतं. इंजिन बंद करून थोडं थांबायचं, मग तेल मोजायच्या पट्टीच्या भोकातून नळी आत सोडून हातपंपानं ते ओढून घ्यायचं. फिल्टर काढला की जुनं रबरी कडं चिकटून राहिलं नाही ना, हे बोटानं चाचपून पाहायचं. जुन्यावर नवं कडं बसलं तर दाबानं तेल बाहेर उडतं. नवीन तेल भरताना होडी पाण्यावर सरळ तरंगत असली पाहिजे, कुणी एका बाजूला बसलेलं चालत नाही. नाहीतर पट्टी खोटं सांगते.

पहिल्यांदा ते डांबरासारखं तेल पाहून आम्ही म्हणालो, "मामू, हे तर पार खराब झालं."

मामू हसले. "मास्टर, काला हुआ तो क्या हुआ? अंदर का मैल इसने खाया ना!"

पुस्तकही हेच सांगतं. डिझेलची काजळी तेल स्वतःत धरून ठेवतं, म्हणून ते काळं होतं. काळं तेल म्हणजे काम केलेलं तेल. भीती दुधी तेलाची. दुधाच्या चहासारखा रंग दिसला की आत पाणी शिरलं समजावं, आणि मग नुसतं तेल बदलून भागत नाही. मामू उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर होडी बांधून ठेवतात, पण त्याआधी तेल बदलतात, नंतर नाही. जळणातून तयार झालेलं आम्ल जुन्या तेलात साठलेलं असतं. ते दोन महिने आत राहिलं तर बेअरिंग खातं. मामूंना आम्ल हा शब्द माहीत नाही, पण खाल्लेली बेअरिंग त्यांनी पाहिली आहेत.

एवढी उस्तवार कशासाठी? २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहाजण बुडाले. ते वाऱ्यामुळे घडलं, तेलाचा तिथे संबंध नव्हता. पण तेव्हापासून मामू म्हणतात, वारा आपल्या हातात नाही, इंजिन आहे. वाऱ्यात होडीचं तोंड लाटेवर धरायचं तर इंजिन चालू हवं. ते ऐन पाण्यात अडकलं तर होडी आडवी होते, आणि आडव्या होडीला लाट सोडत नाही.

आमचा आणि मामूंचा वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. काढलेलं तेल हाताखालचा पोरगा काठावरच ओतायचा. त्यातलं थोडं कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावायचे, बाकीचं मातीत. होडीच्या तळाशी सांडलेलं तेल साचलेल्या पाण्यात मिसळायचं आणि ते पाणी उपसून पुन्हा धरणात जायचं. हेच पाणी पुढे सोलापूर शहर पितं. मामू वजू करतात तेही याच पाण्यानं.

मामू म्हणाले, "इतने बडे पानी में चार लिटर की क्या बात?"

आम्ही त्यांना बेंजामिन फ्रँकलिनचा प्रयोग सांगितला. लंडनजवळच्या एका तळ्यात त्यानं चमचाभर तेल टाकलं होतं. ते पसरत पसरत अर्ध्या एकरभर गेलं. १७७४ साली त्यानं हे छापून प्रसिद्ध केलं. मामू बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "ठीक है. फिर डालूँ किधर?"

या प्रश्नाला आमच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. पण गावात ते घ्यायला कुणी येत नाही. नियम दिल्लीत होतो आणि कॅन काठावर पडून राहतो. शेवटी तालुक्याच्या गावातल्या एका गॅरेजवाल्याशी आम्ही बोललो. तो आपलं जुनं तेल साठवून, शुद्ध करणाऱ्यांकडे पाठवण्यासाठी विकतो. मामूंचंही घ्यायला तयार झाला. आता नव्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्येच जुनं भरलं जातं आणि बाजाराच्या दिवशी एसटीनं न जाता मामूंच्या पुतण्याच्या टेंपोतून तिकडे जातं. इंजिनाखाली चिंध्या अंथरलेल्या असतात. सांडलेलं त्यांत मुरतं आणि चिंध्याही कॅनबरोबर जातात.

यानं उजनी स्वच्छ होईल असं आम्ही म्हणत नाही. वरच्या गावांची, शहरांची, कारखान्यांची घाण या पाण्यात येते ती येतेच. पण ती बंद होईपर्यंत आपण आपलं ओतत राहावं, हा हिशेब आम्हाला पटत नाही. वर्गात परातभर पाण्यात तेलाचा एक थेंब सोडून आम्ही मुलांना दाखवतो. सात रंग पाहून मुलं आधी टाळ्या वाजवतात. मग आम्ही विचारतो, हे पाणी आता कोण पिणार? तेव्हा कुणी हात वर करत नाही.