तक्रारदाराचे नाव

आपल्या विद्यापीठांत ‘गोपनीय’ हा शिक्का प्रश्नपत्रिकांच्या पाकिटावर असतो. विद्यार्थ्यांच्या माहितीवर नसतो. शिष्यवृत्तीच्या यादीत नावापुढे प्रवर्ग, वडिलांचे उत्पन्न आणि भ्रमणध्वनी क्रमांक छापून ती फलकावर लावली जाते. आमच्याकडे अशी यादी लागल्यावर एम.ए.ची एक विद्यार्थिनी वर्गात येईनाशी झाली. तिने सांगितलेले कारण इथे लिहिणे म्हणजे तीच यादी पुन्हा लावणे होईल.

मी कुलसचिवांना पत्र दिले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, याचा दाखला जोडला. उत्तर आले : तक्रारदार विद्यार्थ्याचे नाव, वर्ग व रोल नंबर कळवावा. हे कुणी कथेत घातले असते, तर मी त्याला ओढूनताणून आणलेला विनोद म्हटले असते!

कार्यालयातले एक ज्येष्ठ लिपिक म्हणाले, “मॅडम, मग पारदर्शकतेचे काय?” प्रश्न पोकळ नाही. यादी झाकली की तीत भलती नावे शिरू शकतात. पण त्यासाठी अर्ज क्रमांक आणि मंजुरीचा शेरा पुरेसा आहे. २०११च्या निकालाने माहिती अधिकारात विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका पाहता येऊ लागली, ती स्वतःची.

तक्रारदार म्हणून मी माझे नाव लिहून पाठवले. पुढच्या यादीतून उत्पन्नाचा रकाना गेला. प्रवर्गाचा राहिला.