कळस नसलेले दैवत

वकिलीच्या व्यवसायात मला देवस्थानांची दप्तरे पुष्कळ चाळावी लागली. देव हा कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे. त्याच्या नावे जमीन असते, तो वादी होतो, प्रतिवादीही होतो. १९२५ साली मुल्लिक खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने याही पुढे जाऊन मूर्ती कोठे असावी याविषयी तिच्या इच्छेचा मान राखावा, असे सांगितले. आपणां मंदिराशी बांधलेल्या मंडळींना यात नवल वाटत नाही. परंतु ज्या दैवताला ना मूर्ती ना सनद, त्याची बाजू न्यायासनापुढे कोणी मांडावी?

हा प्रश्न माझ्या मनात उभा केला तो ओडिशातील नियमगिरीने. रायगडा व कालाहांडी जिल्ह्यांतील या डोंगरांत डोंगरिया कोंध लोक राहतात. त्यांच्या नियमराजाला डोंगर हाच गाभारा. माथ्यावरील बॉक्साइटचे थर पावसाचे पाणी मुरवून धरतात आणि झऱ्यांवाटे खाली सोडतात. पायथ्याशी लांजीगढ येथील वेदांत कंपनीच्या कारखान्याला नेमके तेच खनिज हवे होते. म्हणजे माथाच खणावा लागणार होता.

डोंगरियांनी वर्षानुवर्षे विरोध केला. अखेर १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००६ चा वनाधिकार कायदा आणि घटनेतील धर्मस्वातंत्र्य यांच्या आधारे आदेश दिला की, लोकांच्या धार्मिक हक्काला खाणीने बाधा येते काय, हे ग्रामसभांनी ठरवावे. राज्य सरकारने १२ गावे निवडली. डोंगरात वस्त्या याहून कितीतरी अधिक आहेत. तरीही जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली झालेल्या बाराही सभांनी एकमुखाने नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने परवानगी नाकारली.

कागदावाचून हक्क नाही, हे आमच्या व्यवसायाचे पहिले सूत्र. त्या सभांत मात्र मुखाने सांगितलेली श्रद्धाच पुरावा ठरली. आपण देवाला जमीन अर्पण करतो आणि दानपत्र जपून ठेवतो. डोंगरियांच्या लेखी जमीन मुळातच देवाची. माणूस तेथे केवळ कूळ. मग दानपत्र कोणी कोणास लिहून द्यावे?

गोव्यातील देवराईत कुऱ्हाड न चालवणाऱ्या आपल्या पूर्वजांना हा युक्तिवाद समजावून सांगावा लागला नसता. दूरच्या डोंगरावरील कळस नसलेले ते दैवत आपलेही मानावे, एवढा विवेक त्यांच्या वारसांपाशी उरला असेल, अशी मला आशा आहे.