जाम घाटातला न लागलेला दिवा

इंदूरहून महेश्वरला जायचे दोन रस्ते. एक आग्रा-मुंबई हमरस्त्याने मानपूर, धामनोदवरून. दुसरा महूवरून जाम दरवाज्यापाशी विंध्याचल उतरून मंडलेश्वरला. पहिला रुंद आणि सोपा, पण बाबांना नेहमी दुसराच हवा असतो. "अहिल्याबाईंच्या गावाला जायचं तर त्यांच्याच दरवाज्यातून जावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही असेच निघालो. बाबा आणि मी आमच्या १९८६ च्या अँबॅसडरमधून, आणि आई, दादा, वहिनी दादाच्या नव्या गाडीतून आमच्या मागे. बाबांचं वय ७८. दादाचं दोन वर्षं एकच म्हणणं होतं, "बाबा, आता ही गाडी विका." बाबांचं उत्तरही एकच, "चालतेय ना?" त्यामुळे सहलीला निघताना पोह्या-जिलबीच्या पिशवीबरोबर हा वादही गाडीत चढला होता.

निघण्यापूर्वी बाबांनी रिवाजाप्रमाणे पाणी, ऑइल, टायर सगळं पाहिलं. मला मागे उभं केलं, ब्रेक दाबला आणि विचारलं, "लागतोय का गं?" दोन्ही लाल दिवे लख्ख लागले. मी म्हटलं, "लागतोय." हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यात माझाही वाटा होता.

महूपर्यंत छान गेलो. पुढे गावं विरळ झाली आणि पावसाने धुतलेला माळवा दोन्ही बाजूंना पसरला. एका वळणावर शेळ्यांचा कळप रस्त्यात आला. बाबांनी सवयीने लांबूनच हळू ब्रेक लावला. ते कधीच करकचून ब्रेक मारत नाहीत. मागून टायर घासल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर दादाची गाडी आमच्या डिकीपासून जेमतेम हातभर अंतरावर थांबलेली.

जाम दरवाज्यापाशी गाड्या लावल्या. तो उंच दगडी दरवाजा, त्याच्या पलीकडे एकदम खाली कोसळणारा विंध्याचल आणि निमाडचा हिरवा पट्टा, हे दृश्य पाहायला लोक लांबून येतात. आमचं मात्र लक्ष तिकडे नव्हतं. दादा उतरला तोच म्हणाला, "बाबा, तुमचा ब्रेक लाइट लागलाच नाही. गाडीत आई होती माझ्या."

"घरी लागत होता. हिला विचार," बाबा म्हणाले.

पुन्हा पाहिलं. किल्ली फिरवून बाबांनी हलकेच पेडल दाबलं, दिवा नाही. आणखी दाबलं, नाही. पूर्ण जोर लावला तेव्हा लागला. घरी त्यांनी नेमका असाच जोर लावून दाबला होता.

कारण बाबांनी तिथेच सांगितलं. आमच्या गाडीत ब्रेक लाइटचा स्विच पेडलला नाही, ब्रेक ऑइलच्या नळीवर बसवलेला आहे. पेडल दाबलं की ऑइलचा दाब वाढतो, तो स्विचच्या आतला पडदा ढकलतो, पडद्यामुळे दोन टोकं जुळतात आणि दिवा लागतो. वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी ती टोकं काळी पडतात, पडदा थकतो आणि मग दिवा लागायला जास्त जोर लागू लागतो. म्हणजे करकचून ब्रेक मारणाऱ्याला हा बिघाड कळतच नाही. जो सांभाळून चालवतो, त्याच्याच मागच्याला धोका. शिवाय जोर लावल्यावर दिवे लागत होते, त्या अर्थी बल्ब, फ्यूज, वायर सगळं ठीक होतं. दोष स्विचचाच.

प्रश्न पुढचा घाट उतरायचा होता. दादा म्हणाला, गाडी इथेच ठेवू. बाबा न रागावता म्हणाले, "आधी ब्रेक पाहू. ब्रेकच नीट नसेल तर एक पाऊलही पुढे जायचं नाही." ऑइलची पातळी भरलेली होती. पेडल घट्ट होतं, दाबून धरल्यावर खाली जात नव्हतं. स्विचच्या बुडाशी ओल नव्हती. कधीकधी असे स्विच तिथूनच ऑइल गाळतात, आणि तसं असतं तर गाडी हलवायची नव्हती. ब्रेक उत्तम होते, फक्त मागच्याला कळत नव्हते.

मग ठरलं. दादा भरपूर अंतर ठेवून मागे राहील, म्हणजे दुसरं कोणी आमच्या थेट मागे येणार नाही. आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये उतरू. प्रत्येक ब्रेकला बाबा उजवा हात खिडकीबाहेर काढून वर-खाली हलवतील. हा इशारा त्यांनी लायसन्स काढताना शिकलेला. अख्खा घाट बाबांचा एक हात स्टीअरिंगवर आणि एक खिडकीबाहेर. जिथे दोन्ही हात लागत, तिथे ते म्हणत, "तू बघ मागे." मी मागच्या काचेतून दादाकडे पाहून हात हलवायची. असे आम्ही मंडलेश्वरला उतरलो आणि तिथून महेश्वर गाठलं.

महेश्वरच्या बाजारात एक ऑटो इलेक्ट्रिशियन भेटला. त्याने स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना टेकवल्या. दिवे ताबडतोब लागले. "बाबूजी, स्विच ही गया है," तो म्हणाला. अँबॅसडरचा स्विच त्याच्याकडे नव्हता. वायरी तशाच जोडून ठेवल्या तर दिवा कायम जळत राहील, आणि कायम जळणारा दिवा न लागणाऱ्या दिव्याइतकाच निरुपयोगी. म्हणून त्याने मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकचा स्प्रिंगवाला स्विच काढला, पेडलच्या दांडीला तारेने ओढून बांधला आणि त्याच दोन वायरी त्याला जोडल्या. आता पेडलला पाय टेकला की दिवा! मोटारसायकलला एकच बल्ब असतो. आमच्या गाडीला २१ वॅटचे दोन, म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. तेव्हा हे काम इंदूरपर्यंतचं, असं त्याने बजावलं.

संध्याकाळी घाटावर बसलो. नर्मदा संथ होती. किल्ल्याच्या दगडांवरची नक्षी वहिनीला घेतलेल्या साडीच्या काठावर तशीच उतरलेली, ती आई बोटाने दाखवत होती. गाडीचा विषय कोणी काढला नाही.

सकाळी निघताना बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव. मी दादाच्या गाडीत बसतो, मला मागून बघायचंय." इंदूरला पोचल्यावर उतरून म्हणाले, "इतकी वर्षं चालवली, पण हिचा ब्रेक लाइट लागताना आज पाहिला." दादा हसला. गाडी विकायचं तो अजून बोललेला नाही. घाटात मात्र आता मी चालवायचं, हे बाबांनीच ठरवलं.

पुढच्या आठवड्यात नळीवरचा स्विच बदलला. तो काढताना ऑइल सांडतं आणि नळीत हवा शिरते, म्हणून नंतर ब्रेकमधली हवा काढून घ्यावीच लागते. ऑइल रंगावर पडलं तर रंग जातो, तेव्हा खाली फडकं हवं. पेडललाही एक चांगला स्विच कायमचा जोडून घेतला. दोघांपैकी एक गेला तरी दुसरा आहे.

आपल्यापैकी कोणाच्या अंगणात अजून जुनी गाडी असेल तर एवढं करा. दिवा अजिबात लागत नसेल तर आधी बल्ब आणि त्याचं होल्डर पाहा, मग फ्यूज, मग स्विचच्या दोन वायरी टेकवून पाहा. तरीही अंधारच असेल तर वायर किंवा अर्थिंग तपासा. आणि लागत असेल तरी एकदा अगदी हलक्या पायाने ब्रेक दाबून बघा. मागे उभं राहायला कोणी नसेल तर संध्याकाळी गाडी भिंतीला पाठ करून लावा. भिंतीवर लाल उजेड पडला की निघा.