पहाऱ्याची वही

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. काकड आरती होते, ज्ञानेश्वरीचं पारायण होतं, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, मग जागर. माणसं येतात, जेवतात, घरी जाऊन झोपतात. वीणा मात्र सातही दिवस कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असतेच. त्यासाठी दोन-दोन तासांचे पहारे लावतात. पहारेकऱ्याने उभं राहून तार छेडत ‘रामकृष्णहरी’ म्हणत राहायचं. पुढचा आला की वीणा त्याच्या गळ्यात घालायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. देणारा सत्तरीचा आणि घेणारा दहावीतला पोरगा असला तरी.

आमचं गाव भिवंडी तालुक्यातलं, खाडीच्या बाजूचं. आगऱ्यांची वस्ती, पावसाळ्यात भात आणि एरवी खाडीत डुबी मारून रेती काढायची. अशा गावांत वारकरी संप्रदाय मुरला तो कीर्तनकारांच्या पायपिटीमुळे. डोंबिवलीच्या क्रीडासंकुलाला ज्यांचं नाव आहे त्या सावळाराम महाराज म्हात्र्यांचं नाव आजा कानाला हात लावून घ्यायचा. घरात ज्ञानेश्वरीची प्रत होती ती सोनोपंत दांडेकरांची. केळवे-माहीमचा हा माणूस पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचा प्राचार्य होता आणि कीर्तनाला उभा राहायचा, याचं आजाला फार कौतुक. स्वतः आजाला अक्षरओळख बेताची. अंगठ्याने पानं धरून तो ओव्या पाठ म्हणायचा.

पहिला पहारा त्यानेच मला लावला. शाळकरी वय, वेळ रात्री दोन ते चार. “इना भुईला टेकवाची नाय, बाला. बाकी काय येवो न येवो,” एवढंच शिक्षण. सुरुवातीला मजा वाटली. मग पाय भरून आले, खांद्याला तुंबा रुतायला लागला, आणि लक्षात आलं की समोर ऐकणारं कुणीच नाही. सतरंजीवर चारजण घोरत होते. मी कसा म्हणतोय, सुरात की बेसूर, याच्याशी कुणाला काही घेणं नव्हतं.

पुढे कॉमर्सला गेल्यावर हीच गोष्ट मला खुपायला लागली. काल्याच्या कीर्तनाला महाराजांना शाल-श्रीफळ आणि पाकीट, पखवाजवाल्याचा सत्कार, पंगत देणाऱ्याचं नाव फळ्यावर. पहारेकऱ्याचं नाव फक्त वहीत, आणि ती वही सप्ताह उठला की चुलीत. (आता तर कमानीवर विठ्ठल शोधावा लागतो, पुढाऱ्यांचे चेहरे मात्र चारही बाजूंनी हात जोडून उभे.) मला मोठं व्हायचं होतं. शहरात धामणकर नाक्याजवळ एका यंत्रमाग कारखान्यात मी हिशेब लिहायला लागलो. कारखानदार मोमीन, कारागीर बरेचसे आझमगडकडचे. डोक्यात एकच होतं, स्वतःचे माग घ्यायचे. मागांचा धंदा बसायला लागला तसं ते स्वप्न गोदामांकडे वळलं. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवता येतो म्हणून ग्रामपंचायतींच्या जमिनींवर पत्र्याचे गाळे उठत होते. भाताच्या खाचरात भराव पडायचा आणि वर्षात तिथे ट्रक लागायचे.

डिसेंबर १९९२ मध्ये मी शहरातच होतो. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिलेल्या; मुंबई पेटली तेव्हा आता इथे काय होणार ते सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकलं होतं. पण भिवंडी शांत राहिली. सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी इथे असताना ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या होत्या. एकमेकांना नावाने ओळखणारी माणसं त्यांच्यामुळे प्रत्येक गल्लीत होती. आमच्या गल्लीतही रात्री ओट्यावर बसायच्या पाळ्या लागल्या. कारखानदार शेठ, एक दुकानदार, एक मास्तर आणि मी. काम काहीच नव्हतं. बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, अफवा आली की खरी-खोटी करायची. पहाटेच्या नमाजाला निघालेले शेठ मला म्हणाले, “तुला जागायची सवय दिसते.” होती खरी. पुढच्याची पाळी येईपर्यंत जागेवरून हलायचं नाही, ही गोष्ट मला देवळातून येत होती.

त्या रात्रींनी माझं आयुष्य पालटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी नंतर गोदामं बांधलीच. त्यांचं भाडं येतं, त्यावर घर चालतं आणि भाडं मोजून घेताना मला कधी वैराग्य आलेलं नाही. पण तोवर जे करीन त्याच्या खाली माझंच नाव हवं असायचं. ती भूक कमी झाली. सप्ताहाची वही मी माझ्याकडे मागून घेतली. चुलीत घालणं बंद केलं.

मग चुलत्याला पक्षाघात झाला. कळव्याच्या रुग्णालयात चुलती एकटी, मुलगा दुबईला. दोन दिवसांत तिचे डोळे आत गेले. मी वहीची मागची पानं उघडली आणि सप्ताहासारखेच रकाने आखले. फोन करून “तुझा पहारा दहा ते बारा” म्हटलं की कुणी ‘का’ विचारलं नाही. मदत मागितली असती तर दहाजणांनी दहा अडचणी सांगितल्या असत्या. पहारा म्हटल्यावर माणूस फक्त वेळ विचारतो. खाटेजवळ बसायचं, सलाईन संपत आलं की सिस्टरला हाक मारायची, पुढचा आल्याशिवाय उठायचं नाही. चुलते गेले. वही मात्र चालू राहिली. बाळंतपण, डायलिसिस, खाडीपुलावरचे अपघात. २०२० मध्ये कोविड वॉर्डात नातेवाइकांना जाता येईना, तेव्हा फोनचे पहारे लावले. आत एकटं पडलेल्याला दर दोन तासांनी कुणीतरी फोन करायचा, त्याने उचलला नाही तरी.

देव दिसला का, असं मुलगा चेष्टेने विचारतो. नाही दिसला. माझी श्रद्धा फार उंचीची नाही, ज्ञानेश्वरीच्या अठरा अध्यायांतले निम्मे मला अजून कळत नाहीत. पण रात्री तीनला वीणा गळ्यात असते तेव्हा आपण कुणासाठी म्हणतोय याचा हिशेब सुटतो, आणि हिशेब लिहिण्यात जन्म गेलेल्या माणसाला तो सुटणं फार मोलाचं वाटतं. खाटेजवळ बसतानाही थोडंफार तसंच होतं. विठ्ठल म्हणतात तो याहून वेगळा असेल तर मला ठाऊक नाही.

आता गाव बदललंय. एकेकाळच्या भाताच्या जमिनीवरून ऑनलाइन मागवलेले मिक्सर देशभर निघतात. पोरं ठाण्या-डोंबिवलीच्या फ्लॅटांत गेली, पहाऱ्याला माणसं पुरत नाहीत. गेल्या खेपेला गोदामाचा गोरखपूरकडचा रखवालदार ड्युटी संपवून आला आणि पहाटेचा पहारा मागून घेतला. मधूनच त्याच्या तोंडून ‘राधे राधे’ निघायचं. कुणी हरकत घेतली नाही.

हरकत आली ती यंदा. रात्रीच्या यादीत मी माझ्या सुनेचं नाव लिहिलं. ती नर्सिंग शिकलेली, रात्रपाळीची सवय असलेली. आमच्याकडे बायका दिवसा हरिपाठाला, फुगडीला पुढे असतात, पण वीणा आजवर पुरुषांच्याच गळ्यात. आमच्या भजनी मंडळाचे म्हातारे बुवा म्हणाले, रीत नाही. मी म्हटलं, जनाबाई-मुक्ताबाईंचे अभंग आपण म्हणतो ते कुणाचे? त्यावर ते गप्प बसले, पण खरी अडचण वेगळी निघाली. तिच्यानंतरचा पहारा त्यांचाच होता आणि वीणा घेताना तिच्या पाया पडावं लागणार होतं. मी त्यांना सकाळी आठची वेळ देऊ केली. ती त्यांना नको, वर्षानुवर्षं ते चारलाच उभे राहतात. “बघतो,” म्हणाले. सप्ताह बसायला अजून पंधरा दिवस आहेत. वहीत दोन्ही नावं मी पेननेच लिहिली आहेत.