बल्ब घट्ट होईपर्यंत

२०२० च्या ऑगस्टचे शेवटचे दिवस होते. वर मध्य प्रदेशातून पाण्याचा लोंढा आला, गोसीखुर्द धरणाची ३३ च्या ३३ दारं उघडली आणि वैनगंगा ब्रह्मपुरी तालुक्यातल्या धानाच्या बांध्यांत शिरली. लाडजसारखं गाव, ज्याला एरवीही नदीचा वेढा आहे, ते तर पाण्यातच उभं राहिलं. माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. बोटीचं इंजिन हा माझा धंदा नव्हता. पण मदतीला आलेल्या एका बोटीचं इंजिन सकाळपासून तीनदा बंद पडलं होतं, म्हणून मला घरून बोलावून नेलं आणि पाना-पेचकसाच्या पिशवीसकट बोटीत बसवलं.

बोटीत आम्ही तिघं. सुकाणूवर एक पोरगा, पुढं बांबू घेऊन आमच्या काठचे ढिवर काका, मागं इंजिनाशी मी. जाताना इंजिन बरं चाललं. एका वाडीतून नऊ माणसं घेतली. एका म्हाताऱ्यानं रेशनकार्ड आणि सातबारा पन्नीत बांधून छातीशी धरले होते. परत फिरलो, पोरानं वेग वाढवला आणि धार लागली तिथंच इंजिनाचा आवाज पातळ झाला. दोनदा उचकी लागल्यासारखं झालं आणि बंद.

नदीचा आवाज किती मोठा असतो ते इंजिन बंद पडल्यावर कळतं. खाली धानाच्या बांध्या होत्या, समोर विजेचे खांब, आणि त्यांच्या तारा पाण्यापासून हातभर वर.

"मिस्त्री, कावून बंद पडली जी?" काकांनी मागं न पाहताच विचारलं. त्यांचा बांबू तळाला टेकत नव्हता.

टाकीत पेट्रोल होतं. टाकीपासून इंजिनापर्यंत जो रबरी पाइप येतो, त्याच्या मधोमध लिंबाएवढा रबरी बल्ब असतो. तो हातानं दाबून पहिल्यांदा पेट्रोल वर चढवायचं, मग इंजिनाचा पंप आपला आपण ओढून घेतो. चांगला बल्ब पाच-सहा दाबांत दगडासारखा घट्ट होतो. हा होईना. दाबत राहिलो तसा कनेक्टरजवळच्या वळणावर पाइप ओला दिसला. बोट फिरवलं तर बारीक चीर. सकाळपासून ती कोणाला दिसली नव्हती, कारण इंजिन चालू असताना पंप पेट्रोल ओढतो, ढकलत नाही. चिरेतून थेंबही बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. हळू चालवलं तर निभतं. वेग दिला की ओढ वाढते, पेट्रोलऐवजी हवाच येते आणि इंजिन उपाशी पडतं.

चिरेवर रबराची पट्टी आवळून बांधली आणि बल्ब दाबत राहिलो. आतून दाब असला की हवा शिरायला जागा राहत नाही. पोरानं दोरी ओढली, दुसऱ्या ओढीला इंजिन लागलं. मी थांबलो नाही. काठ येईपर्यंत दाबतच होतो, पंधरा मिनिटं असतील किंवा वीस. पट्टीखालून पेट्रोल झिरपून बोटांवरून वाहत होतं, हाताची कातडी पांढरी पडली. गरम इंजिनाशेजारी हे करू नये हे मला ठाऊक होतं. बोटीत नऊ माणसं होती.

काठावर माणसं उतरली. त्या म्हाताऱ्यानं पन्नी सोडून कागद कोरडे आहेत का ते पाहिलं आणि चालू लागला. मी तिथंच चिखलात बसून पाइप कापला. बाहेरून तो उन्हानं टणक झालेला, नखानं टोकरला तर खपल्या पडाव्यात असा. आतून उलट होता, अस्तर मऊ पडून साल सुटावी तसं सुटलेलं. तो तुकडा आजही दुकानात खिळ्याला टांगलेला आहे.

मला राग आला होता आणि अजून येतो. त्याच वर्षी पावसाळ्याआधी ती बोट सरावाला पाण्यात उतरवली होती, पाच मिनिटं चालली आणि वहीत 'सुस्थितीत' अशी नोंद झाली. पाच मिनिटं हळू चालवून असा पाइप ओळखू येत नाही. शिवाय अशी इंजिनं चालून बिघडत नाहीत, उभी राहून बिघडतात. वर्षाचे दहा महिने गोदामात, टाकीत मागच्या पुराचं पेट्रोल, कार्बोरेटरमध्ये तेच. मोटारसायकलवाला रोज गाडी काढतो म्हणून त्याचं पेट्रोल शिळं होत नाही. बोटीला पूर येईपर्यंत कोणी विचारत नाही.

तेव्हापासून दर मे महिन्यात अशी दोन-तीन इंजिनं मी स्वतः मागून घेतो. पहिली एक-दोन वर्षं पाइपाचे पैसेही पदरचे घातले, त्याचं काही नाही.

पहिलं काम टाकीचं. जुनं पेट्रोल पारदर्शक बाटलीत ओतून रात्रभर ठेवतो. सकाळी पाहावं तर पुष्कळदा खाली बोटभर वेगळा थर बसलेला असतो. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ऊस, मका, तांदूळ यांपासून केलेलं. २०२२ च्या जूनमध्ये देशात सरासरी १० टक्के मिश्रण झालं, २०२३ च्या फेब्रुवारीत काही पंपांवर २० टक्क्यांचं आलं आणि आता तेच सगळीकडे आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. ओलावा फार झाला की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात. टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, ते वर पेट्रोलसोबत राहतं. आणि टाकीची नळी ओढते तळातून. म्हणजे पहिला घोट इंजिनाला मिळतो तो बिनऑइलचा. हे मी बोटी चालवणाऱ्या पोरांना बाटली हातात देऊन दाखवतो, सांगून पटत नाही.

मग पाइप. टाकी ते बल्ब, बल्ब ते कनेक्टर, आणि झाकणाखालचे आतले छोटे तुकडेही. लोक बाहेरचा बदलतात, आतले विसरतात. नवा पाइप इथेनॉल सोसणारा, आतून व्हायटनचा थर असलेलाच घ्यावा. रस्त्यावर मीटरवर मिळणारा साधा पारदर्शक पाइप दोन उन्हाळ्यांत पिवळा आणि कडक होतो. परदेशात मौजेसाठी चालवतात त्या काही जलस्कूटरांमध्येही १९९० च्या दशकात राखाडी रंगाचे असे पाइप होते. ते आतून विरघळून हिरवट चिकटा तयार झाला आणि कार्बोरेटरच्या आतल्या जाळ्या बुजल्या. तिथले मिस्त्री जुनं यंत्र हाती आलं की आधी तो पाइप कापून टाकतात. तिथं बंद पडलं तर सहल बिघडते.

कार्बोरेटर मात्र निवांतपणे उघडायचं काम. या इंजिनाला तीन आहेत, एकेका सिलिंडरला एकेक. फ्लोटची वाटी काढली की शिळ्या पेट्रोलचा आंबूस वास येतो. तळाला काकवीसारखा थर, पितळेवर हिरवी बुरशी धरावी तसा गंज, आणि त्यात पाइपाच्या अस्तराचे काळे कण. मेन जेटचं भोक तांदळाच्या कणीएवढंही नसतं, पायलट जेटचं तर सुईच्या टोकाएवढं. एक काळा कण तिथं बसला की त्या सिलिंडरचं पेट्रोल तुटतं, आणि पेट्रोलसोबत ऑइलही तुटतं. म्हणून चारचाकीत बुजलेल्या जेटनं गाडी नुसती अडखळते, इथं पिस्टन जाम धरतो. बाकीची दोन सिलिंडरं ओढत राहतात, त्यामुळं चालवणाऱ्याला वेळेवर कळतही नाही.

जेट तारेनं टोचू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग कायमचं बिघडतं. मी रात्रभर क्लिनरमध्ये भिजवतो, मग हवा मारतो. तरी नाही सुटलं तर ढिवर काकांनी दिलेली गळाची नायलॉनची दोरी आहे, तिचं टोक तिरपं कापून अलगद फिरवतो. शेवटी जेट डोळ्याशी धरून आभाळाकडे पाहायचं. भोक गोल दिसलं पाहिजे, कडेला सावली नको. मे महिन्यातलं आमचं आभाळ इतकं पांढरं असतं की बारीक कणही लपत नाही.

फ्लोटची निडल, गॅस्केट नवीन. वाटी काढलेला कार्बोरेटर उलटा धरून फ्लोट सपाट बसतो का ते पाहायचं. तिन्ही कार्बोरेटर बसवले की तिन्हींचे पडदे एकाच वेळी उघडतात ना, ते बोटानं लिव्हर हलवून तपासायचं. एक जरी मागं राहिला तरी ते सिलिंडर इतरांच्या ओढीनं फरफटतं.

यंदा हे सगळं झाल्यावर काकांना मुद्दाम बोलावलं. आता त्यांच्यानं बांबू धरवत नाही, पण त्या दिवशी बोटीवर असलेल्या आम्हा तिघांतला इथं राहिलेला दुसरा माणूस तेच. दुकानासमोर निळा ड्रम पाण्यानं भरून इंजिन त्याला लटकवलं. पाण्याशिवाय चालवलं तर आतला रबरी पंखा जळतो. बल्ब त्यांच्या हातात दिला.

त्यांनी दाबला. एक, दोन, तीन. पाचव्याला अंगठा आत जाईना.

"गोटा झाला जी," ते म्हणाले.

दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला इंजिन लागलं, ड्रममधलं पाणी उसळून आमच्या पायांवर आलं. दहा मिनिटं पूर्ण वेगानं चालवलं, आवाज एकदाही पातळ झाला नाही. मग कार्बोरेटर रिकामे करून ठेवायचे म्हणून कनेक्टर काढला. काकांना मी ते सांगितलं होतं, तरी त्यांचा हात बल्बकडे गेला. वरचं सिलिंडर गेलं, मग मधलं, मग खालचं. ड्रममधलं पाणी थोडा वेळ फिरत राहिलं.