ऐनवेळचे विषय

शिक्षक-संघटनेच्या वार्षिक सभेची विषयपत्रिका कोणीही डोळे मिटून लिहावी. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, पदाधिकाऱ्यांची निवड, ठराव आणि सरतेशेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. पहिल्या चार कलमांसाठी आम्ही बेळगाव जिल्ह्यातील मराठी शाळांचे शिक्षक दोन महिने खपतो. पाचव्यासाठी जेवणानंतरचा अर्धा तास ठेवतो, आणि तोही आभारप्रदर्शनाने खाल्ला तर कोणास फारसे वाईट वाटत नाही.

यंदा कार्यकारिणीच्या तीन बैठका झाल्या. तारीख ठरविणे हे आमच्याकडे सोपे काम नव्हे. जांबोटी-कणकुंबीकडील पाऊस ओसरल्याखेरीज तिकडची मंडळी येऊ शकत नाहीत, आणि दसऱ्याची सुटी लागली की इकडची सापडत नाहीत. एक अख्खी बैठक शाली किती आणि कुंदा जेवणात की चहाबरोबर, यावर गेली. (कुंदा जेवणातच आला, हे सांगावयास हवे काय?) खरा खल झाला तो पाहुण्यांविषयी. खात्यातील एका कन्नड अधिकाऱ्यांना बोलावले होते. त्यांचे स्वागत कोणत्या भाषेत करावे? एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “घर आपलं, तेव्हा भाषा आपली.” दुसरे म्हणाले, “अहो, पाहुण्याला कळेल असं बोलणं हीसुद्धा घराचीच रीत की!” अखेर स्वागत मराठीत आणि दोन वाक्ये कन्नडमध्ये, असे ठरले. पाहुण्यांनी उत्तरादाखल चार वाक्ये मराठीत बोलून आम्हां सर्वांस निरुत्तर केले.

ठराव नेहमीचेच होते. रिक्त जागा भराव्यात, पटसंख्येचे कारण पुढे करून शाळा बंद करू नयेत, परिपत्रके मराठीतूनही मिळावीत. १९५६ साली संविधानात आलेले ३५०-अ हे मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाविषयीचे कलम यंदाही वाचून झाले. ते वाचलेच पाहिजे, असे आमचे मत आहे. परंतु भाषेवरील भाषणांची बेळगावास कधी वाण नव्हती. येथे १९४६ साली माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले, २००० साली य. दि. फडके यांच्या. त्या दुसऱ्या संमेलनात नवशिके शिक्षक म्हणून आम्ही खुर्च्या मांडल्या होत्या, त्यामुळे टाळ्यांचा आवाज आमच्या चांगला परिचयाचा आहे.

जेवणानंतर मंडळी पेंगुळली असता कणकुंबीकडील एक तरुण शिक्षिका उभ्या राहिल्या. एकशिक्षकी शाळा, स्वतःचे सारे शिक्षण मराठीतून. म्हणाल्या, “सर, मोबाइलवर सुत्तोले येते. मला निम्मी कळते. यंदा विद्यार्थिवेतनाच्या अर्जाची शेवटची तारीख मला उमगली तेव्हा ती उलटून गेली होती. सात मुलांचे पैसे गेले. ठरावाचं उत्तर येईपर्यंत मी काय करू?”

सुत्तोले म्हणजे परिपत्रक. सभेत कोणी पेंगत राहिले नाही.

कोणी म्हणाले, ठराव अधिक कडक करावा. कोणी म्हणाले, बाईंनी शेजारच्या शाळेत विचारावे. परंतु शेजारची शाळा कुठे आहे हे त्यांनी सांगितल्यावर तेही खाली बसले. तेव्हा मागच्या रांगेतून एक सेवानिवृत्त गुरुजी काठी टेकीत पुढे आले आणि पिशवीतून एक जाड वही काढून त्यांनी टेबलावर ठेवली. नोकरीच्या काळात अडलेला प्रत्येक कचेरीतील शब्द त्यांनी तीत उतरून ठेवला होता. वर्गावणे म्हणजे बदली, नडावळी म्हणजे इतिवृत्त, कोनेय दिनांक म्हणजे शेवटची तारीख. फसव्या शब्दांसाठी निराळी पाने होती. कन्नडमधील ‘अनुमान’ म्हणजे शंका. ‘अवकाश’ म्हणजे संधी. मराठी डोळ्यांनी वाचणारा नेमका तेथेच ठेचकाळतो.

“ही वही संघटनेची झाली,” गुरुजी म्हणाले, “पण कपाटात ठेवणार असाल तर परत द्या.”

पाच जणांनी नावे दिली. प्रत्येकाने आठवड्याचे परिपत्रक वाटून घ्यावयाचे, त्याचा मराठी सारांश आणि शेवटची तारीख त्याच रात्री मोबाइलवर सर्वांस धाडावयाची. पाचांत आम्हीही आहोत. आमचा वार गुरुवार.

चिटणिसांनी इतिवृत्तात लिहिले, ‘ऐनवेळच्या विषयांवर चर्चा झाली.’ आभार मानण्याचे काम चालू असता त्या बाई व्यासपीठाच्या पायरीवर बसून वहीच्या एकेका पानाचा फोटो काढीत होत्या. त्यांच्या गाडीला अजून पाऊण तास होता.